टोलेडोहून निपाणीला

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेची माती वेगळी आणि उत्तरेची वेगळी, पण पावसाळ्यात मोटारीला दोन्ही सारख्याच भारी पडतात. खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे चढू लागलं की तांबडी, निसरडी माती लागते. जून ते सप्टेंबर तिथे ऊन दिसलं तर लोक बोलून दाखवतात. उत्तरेला निपाणीच्या आसपास वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात काळं रान आहे. त्यात एकदा चाक बसलं की रान ते सहजी सोडत नाही. या दोन्हींच्या मधून पुणे-बेंगळूर रस्ता जातो, आणि गेल्या शंभर वर्षांत त्या रस्त्यावरून अमेरिकेच्या कितीतरी मोटारी धावल्या. फोर्ड आली, शेव्हरोले आली, डॉज आली. रस्ता सोडून रानात उतरली आणि तिथेच राहिली ती मात्र जीप.

जीपच्या आधी अमेरिकन गाड्या इथे अनोळखी होत्या असं नाही. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे मोटार घ्यायची म्हटलं की तोंड मुंबईकडे वळायचं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, आणि फोर्डही त्याच सुमारास देशात पाय रोवत होती. सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत जुळायचे. बस-ट्रकची नुसती चेसिस घ्यायची आणि वरचा लाकडी सांगाडा आपल्याकडच्या सुताराकडून चढवून घ्यायचा, अशी रीत होती. अशा प्रवासी गाड्यांना सर्व्हिस मोटारी म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या अशा कितीतरी गाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचं पिंप बसलं. पण या सगळ्या रस्त्याच्या गाड्या. खडी संपली की पुढे बैलगाडीचं राज्य सुरू व्हायचं.

जीपचा जन्म या सगळ्यापासून फार लांबचा, आणि घाईतला. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारणा केली: चारही चाकांना जोर देणारी हलकी टेहळणी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. ही मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी सैन्याच्या तळावर पोचली. ओहायोतल्या टोलेडो शहरातली विलीज-ओव्हरलँड ही कंपनी मागाहून आली. तिच्याकडे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी घडवलेलं ६० अश्वशक्तीचं दणकट इंजिन होतं. सैन्याने बँटमचा आराखडा विलीजला आणि फोर्डलाही दाखवला, आणि १९४१ मध्ये मोठं कंत्राट विलीजच्या पदरात पडलं. फोर्डनेही तीच गाडी बनवली. युद्ध संपेपर्यंत दोघींच्या मिळून सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या. बँटमच्या वाट्याला पुढे जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर आले. मूळ गाडी ज्यांनी घडवली त्यांच्यावर हा अन्यायच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

या गाडीशी बेळगावचा संबंध जुळला तो इटलीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. १९४३ ते १९४५ या काळात मराठ्यांच्या पलटणी इटलीच्या डोंगरांत लढल्या. तिथे रस्ता संपला की पुढच्या चढावर दारूगोळा आणि शिधा नेण्याची दोनच साधनं होती, जीप आणि खेचर. सॅपर्स डोंगराच्या कडेने जेमतेम जीप जाईल एवढी वाट खोदत. परतीच्या फेरीत त्याच जीपांवर स्ट्रेचर बांधून जखमींना खाली आणत. जीपही पोचत नसे तिथे माणसांनी काय केलं, ते एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी दिसलं. नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याआधी जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी यशवंत घाडगे यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला होता. हे शिपाई ज्या केंद्रातून गेले, त्या केंद्रात परतलेल्यांना ही बुटकी, बिनदाराची गाडी काय करू शकते हे सांगायला जाहिरातीची गरज नव्हती.

युद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्याचं उरलेलं सामान भारतात विकायला निघालं. डिस्पोजलमध्ये तंबू गेले, बूट गेले, तशा जीपाही गेल्या. लष्करात गाडी चालवायला शिकलेली माणसं गावी परतली होतीच.

याच सुमारास मुंबईत एक व्यवहार आकार घेत होता. के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचं काम बघत. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. १९४५ मध्ये त्यांनी, त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्र यांनी आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. विलीजकडून पहिल्या खेपेला ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या आणि माझगावला जुळल्या.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्यातही जीपच होती. १९४८ मध्ये लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी काश्मीरच्या लढाईसाठी दुरुस्त केलेल्या २००० जुन्या जीपांचा सौदा केला. आल्या फक्त १५५, आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. सरकारने १९५५ मध्ये हे प्रकरण मिटवलं. पुढे मेनन संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत बेळगावच्या रस्त्यांवर लष्करी वाहनांची कधी नव्हे एवढी दाटी झाली. ते ओघाने येईलच.

आधी १९५३-५४ सालाकडे बघायला हवं, कारण जीप इथे का टिकली याचं खरं उत्तर तिथे आहे. सरकारने धोरण ठरवलं: नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. क्रायस्लरच्या डॉज आणि फार्गो गाड्या वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे काही वर्षं तरल्या. सोलापूरच्या या माणसाने मोटारीचा कारखाना काढायचं स्वप्न युद्धाआधीपासून उराशी बाळगलं होतं. महिंद्रांनी विलीजशी बनावटीचा करार केला आणि जीपचे एकेक भाग इथेच होऊ लागले. ज्या गाडीचा भाग मुंबईत बनतो ती बेळगावात मोडली तर पुन्हा उभी करता येते, आणि ज्या गाडीचा भाग डेट्रॉइटहून यावा लागतो ती परड्यात गवताखाली जाते. सीमाभागातल्या जीपची सत्तर वर्षं या एका गोष्टीवर उभी आहेत.

खेड्यात जीप पहिल्यांदा शिरली ती सरकारी. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटागटाला बीडीओसाहेबांची जीप मिळाली. पाठोपाठ मलेरियाच्या फवारणीची माणसं आली. त्या मोहिमेला अमेरिकेच्या मदतीचा मोठा हात होता. ज्या गावांनी तोवर मोटारच पाहिली नव्हती, त्यांनी सर्वांत आधी पाहिली ती जीप. धुरळा दिसला की साहेब आले हे कळायचं, आणि ज्यांच्या घरी काही लपवायचं असेल ते कामाला लागायचे. खानापूरच्या जंगलात वनखात्याची जीप, पुढे हिडकल धरणाच्या कामावर पाटबंधारे खात्याची. १९५६ ला राज्यं बदलली, बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि सीमाप्रश्न पेटला. तेव्हा बंदोबस्ताला पोलिसांची जीप असायची, आणि निवडणुकीत कर्णा बांधून महाराष्ट्र एकीकरण समितीचा प्रचार करणारीही जीपच असायची.

मग डिसेंबर १९६१. गोव्याच्या कारवाईसाठी १७ वी इन्फंट्री डिव्हिजन बेळगावला गोळा झाली. मेजर जनरल के. पी. कँडेथ तिचे प्रमुख होते. दक्षिण विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी बेळगावातूनच सूत्रं हलवत होते. लष्कराच्या खास गाड्यांसाठी रेल्वेने प्रवाशांच्या गाड्या रद्द केल्या. सांब्याच्या धावपट्टीवर विमानं उतरली. एक ब्रिगेड अनमोडकडून मोलेच्या दिशेने निघाली, तर सगत सिंग यांची पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाकडून. पोर्तुगीज सैन्यापेक्षा त्याने उडवलेले पूल आणि पेरलेले सुरुंग यांनीच वाट जास्त अडवली. १९ तारखेला पणजीवर तिरंगा चढला. घाटाखाली उतरणाऱ्या त्या लांबलचक ताफ्यात अधिकाऱ्यांच्या, वायरलेसच्या आणि इस्पितळाच्या जीपा होत्या. जीप या रस्त्यांवर चालते हे खानापूरच्या माणसाला ठाऊक होतंच. आता ते सैन्यालाही पुन्हा एकदा कळलं.

खाजगी मालकाची जीप म्हणजे निपाणीची जीप. निपाणीचा तंबाखू विडीचा. काळ्या रानात तो पोसतो आणि थंडीच्या अखेरीला रानातच वाळतो. वखारीचा मालक माल बघायला स्वतः रानात जायचा. पान हातात घेऊन चुरायचं, वास घ्यायचा आणि बांधावरच भाव काढायचा. एका दिवसात पाच-सात गावं करायची तर अँबॅसिडर उपयोगाची नव्हती. ती गावापर्यंत यायची आणि पुढे मालकाला धोतर सावरत चालावं लागायचं. जीप थेट बांधाला लागायची. शेतकऱ्याच्या नजरेत म्हणूनच ती बरीच वर्षं व्यापाऱ्याची गाडी होती, भाव पाडायला येणारी. हा ताण १९८१ मध्ये उफाळून वर आला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेला ओ देऊन हजारो तंबाखू उत्पादक मार्चमध्ये महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांच्या वर बसून राहिले. निपाणीच्या देवचंद कॉलेजातले प्राध्यापक सुभाष जोशी या लढ्यात पुढे होते. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या रस्त्यावर त्या दिवसांत ना जीप हलली ना ट्रक. पुढच्या काळात ऊस वाढला, साखर कारखान्यांचं बिल हातात येऊ लागलं, आणि जुनी जीप विकत घेणाऱ्यांत शेतकरीही दिसू लागला.

ही जीप चालवायची कशी, हे आता थोडं जवळून बघू. इथे सर्वांत जास्त चालली ती सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटची. तिच्या हरिकेन इंजिनात हवा घेणारा व्हॉल्व्ह वरच्या डोक्यात असतो आणि धूर सोडणारा बाजूला, ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यावर बॉनेट चढवायला पुढचा भाग वर उचलावा लागला. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असायचे. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा जोर वाढवायला. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब बसवलेले असतील तर आधी खाली उतरून ते हाताने फिरवून लॉक करायचे. हे चिखलाच्या अलीकडे करायचं असतं. नवा ड्रायव्हर आधी गाडी घालतो, रुतल्यावर गुडघाभर गाळात हात घालून हब शोधतो, आणि पुन्हा जन्मात विसरत नाही.

ओढा ओलांडायची पद्धत याहून बारकाईची. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर भिजला की गाडी पाण्याच्या मध्यावर बंद पडते. फिरणारा पंखा पाणी नेमकं तिथेच उडवतो. म्हणून जाणते ड्रायव्हर काठावर थांबून फॅन बेल्ट काढायचे, डिस्ट्रिब्युटरवर फडकं गुंडाळायचे, कुणाला तरी पुढे चालत पाठवून कंबरेपर्यंत पाणी आहे की मांडीपर्यंत ते बघायचे, आणि मग पहिल्या गिअरमध्ये एका दमात पलीकडे. मध्ये क्लच दाबायचा नाही. पलीकडे गेल्यावर बेल्ट परत चढवायचा आणि ओले ब्रेक हलकेच दाबत सुकवायचे. सकाळी बॅटरी बसलेली असली की हँडल मारायचं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलट फिरलं तर मनगट जातं. हे सगळं शिकवणारी शाळा नव्हती. एकाने दुसऱ्याला दाखवायचं.

पेट्रोलचा खर्च मात्र भल्याभल्यांना पेलवेना. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले आणि ही गाडी दाराशी उभी ठेवणंही जड झालं. इथे मेस्त्री पुढे आला. सीमाभागातला मेस्त्री हा माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे, आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. बेळगावला यंत्राची परंपरा जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावातच. पुढे उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाचे कारखाने उभे राहिले. तिकडे कोल्हापूरही तेलाच्या इंजिनांचं माहेर. या दोन गावांच्या मध्ये जीपला डिझेल करून घेणं हा एक धंदाच झाला. महिंद्र कंपनीने स्वतःही ट्रॅक्टरचं बी-२७५ डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं होतं. मेस्त्र्यांनी त्याच्या पुढची मजल मारली. कुणी ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, कुणी मॅटॅडोरचं. नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवायचा. माउंटिंग बसत नाही म्हणून लोखंडी पट्टी कापून वेल्डिंग मारायचं. बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लागणारी जाड प्लेट लेथवर कातून घ्यायची. त्यात सूतभर फरक राहिला तर क्लच थरथरतो आणि गिअर ओरडतो. मग आरसी बुकावर इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यायची. अमेरिकेत सीजे-थ्रीबीचं उत्पादन १९६८ ला थांबलं. इथे तिचा दुसरा जन्म त्यानंतर सुरू झाला.

कंपनीला हे दिसत होतंच. १९८५ च्या सुमारास प्युजोचं डिझेल इंजिन घेऊन एमएम-५४० आली, आणि पुढे लांब चेसिसची कमांडर, मागे समोरासमोर बाकडी असलेली. तिने सीमाभागात वडाप चालवलं. निपाणी-मुधाळ तिट्टा, निपाणी-कागल, बेळगाव-शिनोळी, तिथून पुढे पाटणे फाटा: या रस्त्यांवर दोन राज्यांच्या एसट्या आपापल्या वेळापत्रकाने यायच्या, आणि वडाप भरलं की निघायचं. "अण्णा, जरा सरकून बसा की, एकच सीट हाय," असं म्हणत चार माणसं आणखी आत जायची. दोघे मागे फळीवर उभे. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला, यात्रेला सौंदत्तीच्या डोंगरावर, बाजाराला कोंबड्यांच्या पाट्या टपावर बांधून. जीव धोक्यात घालणारा प्रवास होता, अपघातही झाले, आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. पण रात्री नऊनंतर एखाद्या खेड्यातल्या बाळंतिणीला निपाणीच्या दवाखान्यात न्यायला जी गाडी मिळायची ती हीच. गाडीचा नंबर एमएच-०९ असो की केए-२३, कोगनोळीच्या नाक्यावर कागद बघितले जायचे. पण बाळंतीण आत असताना भाषेचं कुणी विचारत नसे.

नव्वदीत अर्थव्यवस्था खुली झाली आणि अमेरिकन कंपन्या परतल्या. २००४ मध्ये जनरल मोटर्सची शेव्हरोले टव्हेरा आली. वडापवाल्यांनी आणि गोव्याच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी ती आवडीने घेतली, कारण दहा माणसं आरामात बसायची आणि एसीही होता. २०१३ मध्ये उत्सर्जनाच्या चाचण्यांतली गडबड उघड होऊन कंपनीला १ लाख १४ हजार टव्हेरा माघारी बोलवाव्या लागल्या. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या दाराशी या गाड्या होत्या त्यांना भाग मिळवायला वणवण करावी लागली, आणि पुन्हा विकताना भाव पडला. १९५४ मध्ये त्यांच्या आजोबांच्या पिढीने हेच भोगलं होतं.

दरम्यान जीप हे नाव अमेरिकेत हातोहात फिरलं. विलीजकडून कैसरकडे, मग अमेरिकन मोटर्स, १९८७ ला क्रायस्लर, पुढे फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. २०१६ मध्ये जीप ही कंपनी स्वतः भारतात उतरली आणि २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला कंपास बनू लागली. २०१८ मध्ये महिंद्रांनी मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी जुळवून अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा मूळ कंपनीने आपल्या जीपचं रूप चोरल्याची तक्रार केली. तो वाद चालला आणि महिंद्रांना तिचा पुढचा चेहरा बदलावा लागला. ज्या रूपाचा परवाना महिंद्रांनी टोलेडोकडूनच रीतसर घेतला होता, त्याच रूपावरून त्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे उभं राहावं लागलं. मला हे पटत नाही.

इथल्या मालकांपुढचे प्रश्न वेगळे आहेत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला आरटीओत पुन्हा नोंदणी लागते, तपासणी लागते, हरित कर लागतो. इंजिन बदललेलं असेल तर बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला पाहिजे, नाहीतर फेऱ्या सुरू होतात. पत्रा सडला तर नवी बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीहून येते. तिथे जुन्या जीपांच्या बॉडी, चेसिस, सगळं तयार मिळतं. ब्रेकचा सिलिंडर, जॉइंट क्रॉस, पाट्यांचे बुश अजून बेळगाव-कोल्हापुरातल्या दुकानांत हाती लागतात. कार्ब्युरेटर नीट लावून देणारे मेस्त्री मात्र आता म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं महिंद्रांच्या नव्या थारच्या कॉम्प्युटरवर हात बसवायच्या मागे आहेत. त्यामुळे मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, जुन्या जीपांचे मालक एकमेकांना फोन करून विचारतात: अमुक मेस्त्री अजून गाडी हातात घेतात का, आणि घेत असतील तर नंबर कधी लागेल.